सोनभेंडीला मुजरा

राजवाड्यामागच्या मळ्यात भेंडीचं एक झाड आजारी पडलं आणि राजा कनकसेनाला आनंदाचं भरतं आलं. पानांच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या होत्या, जणू कुणी सोन्याच्या तारेची जाळी विणली होती. सोनं म्हटलं की या राजाचं भान हरपायचं. ही सोनभेंडी आहे, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

मळ्याची माळीण येसू, तिने मात्र खरं काय ते ओळखलं. हा भेंडीवरचा केवडा रोग होता, आणि पांढऱ्या माश्या तो या झाडावरून त्या झाडावर पोचवत होत्या. कुंपणापलीकडेच तिची स्वतःची वाडी होती आणि घरची चूल त्या वाडीतल्या भेंडीवर पेटायची. तिने हात जोडून सांगितलं, महाराज, एवढं एक झाड उपटू द्या, नाहीतर सगळी भेंडी हातची जाईल.

राजाला ते ऐकवेना. "हे झाड निघेल ते माझ्याच हाताने," तो गरजला. "दुसऱ्या कुणी शिवलं तर हात कलम! पुनवेपर्यंत माझ्या हातून उपटवून दाखव. नाही जमलं, तर तुझ्या वाडीतही सोनभेंडीच लागेल."

मग झाडाचे जे लाड सुरू झाले, ते राजपुत्राचेही कधी झाले नव्हते. ऊन लागू नये म्हणून राजाने स्वतःचं छत्र झाडावर धरायला लावलं. वारा घालायला चवरीवाला आला, पहाऱ्याला भालेकरी आले. भालदार रोज सकाळी झाडाला ललकारी देऊ लागला. चवरी हलली की पांढऱ्या माश्या भुर्रकन उडायच्या आणि शेजारच्या वाफ्यावर जाऊन बसायच्या. येसू मनातल्या मनात चवरीवाल्याचा उद्धार करायची.

पुनवेच्या सकाळी राजा झाड बघायला आला. येसूने पदर खोचला, राजाकडे चक्क पाठ फिरवली आणि झाडाला वाकून त्रिवार मुजरा घातला.

राजा लालबुंद झाला. "राजा इकडे उभा आहे!"

"माफी असावी महाराज, माझा गोंधळ उडालाय," येसू म्हणाली. "छत्र यांच्यावर, चवरी यांना, पहारा यांचा. आन् फौजपण यांचीच."

फौज कसली, असं राजाने विचारलं. येसूने चवरीवाल्याला खूण केली. चवरी फिरली, पांढऱ्या माश्यांचा ढग उठला, राजाच्या मिशीवरून गेला आणि पलीकडच्या वाफ्यावर उतरला. तिथली पानं आधीच पिवळी पडली होती.

"ही फौज जिथं उतरते तिथं यांचं पिवळं निशाण लागतं," येसू म्हणाली. "काल माझ्या वाडीचा बांध यांनी घेतला. आज तुमच्या मुदपाकखान्याचा वाफा गेला. एवढंच सांगा महाराज, औंदाचा सारा आम्ही तुम्हाला भरायचा का यांना?"

राजाने छत्राकडे पाहिलं. आपलं पागोटं उन्हात तापतंय, हे त्याला आत्ता कळलं. या बंडखोराला धरा, असं तो ओरडला, पण भालेकरी जागचे हलेनात. शिवलं तर हात कलम, हा हुकूम त्याचाच होता.

"राजाला कैद करायचं तर राजाच लागतो," येसू हळूच म्हणाली आणि फौज पळू नये म्हणून तिने झाडावर ओलं गोणपाट टाकलं.

राजाने बाह्या सावरल्या, बुंधा दोन्ही हातांनी धरला आणि असा हिसका दिला, की झाडासकट तो मागच्या चिखलात जाऊन बसला. बसल्याबसल्या त्याला आठवलं, आज पुनव. झाड त्याच्याच हातात होतं. तो असा खदखदून हसला, की पागोटंही चिखलात गेलं. पिवळी पडलेली बाकीची झाडं उपटून जाळायचा हुकूम त्याने तिथूनच सोडला आणि येसूला म्हणाला, "काय हवं ते माग."

"छत्र आता रिकामंच हाय महाराज. खुरपताना ऊन लई लागतं."

तेव्हापासून येसू राजछत्राच्या सावलीत बसून भेंडी खुरपायची. भालदाराची सवय मात्र काही सुटली नाही. तो रोज सकाळी तिलाच ललकारी देऊन जायचा.