पाषाणवनातला रिकामा खांब

एका राज्यात, किनाऱ्यालगतच्या समुद्रात, पाषाणवन उभे होते. काळ्या दगडाचे सहापैलू खांब, एकाला एक टेकलेले, ताडाएवढे उंच. ते कोणी घडवले नव्हते, भूमीनेच उगवले होते. त्यांतला एक खांब राजा भानुकेतूने तोडून आणला आणि त्याचे सिंहासन करवले. त्यावर तो बसला तो पुन्हा उठला नाही. पाय दगड झाले, सिंहासनाला जडले. मग मांड्या, मग कंबर. वैद्य थकले, मांत्रिकांनी हात टेकले. तेव्हा राजकन्या वैजयंती होडीत बसून पाषाणवनाकडे निघाली.

खांबांच्या तळाशी गुहा होती. गुहेत ताम्राक्ष नावाचा मायावी राहत असे. तो या वनाचा राखणदार, आणि शापही त्याचाच. तिला पाहून त्याला नवल वाटले नाही. शाप उतरायचा तर तीन कामे करावी लागतील, असे त्याने सांगितले.

पहिले काम मधाचे. खांबांच्या कपारीत आग्यामोहोळ लोंबत होते. एकही माशी न मारता मध आणायचा होता. वैजयंती मोहोळाखाली बसली. आपण कोणाची लेक, कशासाठी आलो, हे तिने माश्यांना सांगितले. माश्या बाजूला झाल्या आणि तिने मध काढून घेतला.

दुसरे काम पाण्याखालचे. तिथे बुडालेल्या गलबतांचा खजिना होता. त्यातल्या सोन्याला जो शिवेल तो दगड होईल. त्यातून एक साधा शिंपला तेवढा वर आणायचा होता. वैजयंतीने बुडी मारली. शिंपल्याशेजारीच आईचे सोन्याचे कंकण पडले होते; त्याचा जोड तिने राजवाड्यात पाहिला होता. आई गलबतासह बुडाली तेव्हा वैजयंती दुडूदुडू चालत होती. तिचा हात पुढे गेला, थबकला, आणि शिंपला घेऊन माघारी आला. वर येऊन तिने तो ताम्राक्षापुढे ठेवला.

ताम्राक्ष म्हणाला, "तिसरे काम तुझे नाही, तुझ्या पित्याचे. त्याने स्वमुखाने सिंहासन परत करावे. तोवर त्या खांबाच्या जागी तू उभी राहा. त्याने नाकारले, तर तूच तो खांब होशील."

"राहते," वैजयंती म्हणाली.

खांब निघाल्यापासून शेजारचा खांब कलला होता. त्याला खांदा देऊन ती उभी राहिली. भरती लागली. त्या खांबाच्या माथ्यावर एका पांढऱ्या समुद्रपक्षिणीचे घरटे होते. सारे ऐकून ती उडाली, थेट राजसभेत उतरली आणि मनुष्यवाणीने घडले ते सांगितले.

 प्रधान हात जोडून म्हणाला, "महाराज, सिंहासन पाण्यात गेले, तर आपणही जाल."

भानुकेतूने क्षणभर डोळे मिटले. या आसनासाठी त्याने कोणाचेच ऐकले नव्हते.

"माझी लेक पाण्यात उभी आहे," तो म्हणाला. "तराफा आणा."

खलाशांनी राजासकट सिंहासन तराफ्यावर चढवले आणि वल्ही मारली. पोहोचले तेव्हा पाणी वैजयंतीच्या हनुवटीला लागले होते आणि खांद्यावर दगडाचा काळेपणा चढत होता. "हे सिंहासन मी परत करतो," राजा म्हणाला आणि त्याने तराफा कलंडवण्याची आज्ञा केली. तराफा कलंडला, सिंहासन राजाला घेऊन तळाशी गेले. दगडाला दगड भेटला. खांब मुळातून उगवत वर आला, कललेला शेजारी सरळ झाला, आणि भानुकेतूचे पाय मोकळे झाले. पाण्यावर डोके काढताच तो लेकीकडे झेपावला. तिला दोन्ही हातांनी उचलून त्याने तराफ्यावर ठेवले.

ताम्राक्षाने मान लववली आणि तो गुहेत गेला. त्या दिवसापासून भानुकेतू लाकडी चौरंगावर बसून न्याय करू लागला, आणि वन तोडायला कोणी धजले नाही.

वैजयंतीचा उजवा खांदा मात्र काळाच राहिला. राजाने वैद्य बोलावले, तर ती म्हणाली, "असू द्या, बाबा. दुखत नाही."

भानुकेतूने वैद्यांना निरोप दिला आणि लेकीला चौरंगावर आपल्या शेजारी बसवून घेतले.