तुळईचा तोरा

फार जुनी गोष्ट. ओढा ओलांडायला जनावरांनी बांबूच्या पट्ट्या डिंकाने चिकटवून एक तुळई केली आणि वरून लाखेचा रंग दिला. त्या रंगाचा बाईसाहेबांना कोण तोरा!

सुतारपक्षीण रोज तिच्यावर चोच ठोकून कान द्यायची. एकदा मधोमध आवाज बद्द आला. तेवढ्यात पिल्लांना घेऊन शेळी ओढ्यावर आली, तशी ती म्हणाली, "शेळीताई, पट्ट्या आतून सुटल्यात गं. पिल्लांना उथळ पाण्यातून ने."

"ओरखडा तरी दिसतोय का माझ्यावर?" तुळई फणकारली. "मेलीला दुसऱ्यांच्या पोटात चोच खुपसायची खोडच आहे!"

शेळीने स्वतः खूर आपटून पाहिला. तोच बद्द आवाज ऐकून ती पिल्लांसह पाण्यात उतरली.

"भित्री कुठली!" म्हणत तुळई इतकी गदगदून हसली, की हसता हसताच मधोमध मोडली.

"आता दिसतोय हो ओरखडा," सुतारपक्षीण म्हणाली.