थोर्गिल राजाची पायरी

डेन्मार्कच्या किनाऱ्यावर होल्मवीग नावाचे लहानसे गाव आहे. गावाबाहेर एक हिरवा उंचवटा आहे आणि त्याच्या माथ्यावर दगडी सिंहासन. त्याच्यावर शेवाळ माजले आहे. सिंहासनाच्या पायथ्याशी मात्र एकच दगडी पायरी आहे, आणि ती बसून बसून गुळगुळीत झाली आहे. पाहुणे फोटोसाठी थेट सिंहासनाकडे धावतात. पाल्ले नावाचा म्हातारा होडीवाला काठी आडवी धरून त्यांना थांबवतो आणि पायरीवर बसवतो. राजा जिथे बसला नाही तिथे बसणारे तुम्ही कोण टिकोजीराव, असे त्याचे म्हणणे.

मग तो गोष्ट सांगतो.

फार पूर्वी इथे थोर्गिल नावाचा राजा होऊन गेला. त्याचा बाप कोण, यावर कथाकारांचे आजवर एकमत नाही. डेन लोकांच्या सागा, म्हणजे वीरांच्या जुन्या कथा, त्याला आसगेर राजाचा मुलगा म्हणतात. नॉर्वेकडच्या सागा त्याला केटिल दर्यावर्दीचा ठरवतात. आइसलँडचा एक कवी तर सांगतो की बाप समुद्रातून चालत आला. पण त्या कवीला मधाची दारू अंमळ जास्त झाली असावी, असे पाल्लेचे मत आहे.

गोष्टीचे मूळ थोर्गिलच्या आईपाशी आहे. तिचे नाव गुनवोर. तिचा पहिला नवरा केटिल उन्हाळ्याच्या तोंडी समुद्रावर गेला तो परतलाच नाही. जहाज फुटल्याची बातमी आली, आणि महिना सरायच्या आत आसगेर राजाने तिला लग्न करून घरी आणले. थंडी संपता संपता तिला मुलगा झाला. गावाने बोटांवर महिने मोजले, पण हिशेब दोन्हीकडे बसत होता. वाईट हे की तो गुनवोरच्या स्वतःच्या मनातही दोन्हीकडे बसत होता.

त्या काळी म्हणे रीत अशी होती की जन्मलेले मूल जमिनीवर ठेवायचे. बाप येऊन त्याला उचली, तेव्हा ते त्याचे होई. तोवर ते कोणाचेच नसे आणि दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नसे. आसगेर त्या दिवशी शिकारीला गेला होता. मूल थंड जमिनीवर रडत राहिले, बायका दाराकडे बघत राहिल्या. रडणे बारीक होऊ लागले, तशी गुनवोर अंथरुणातून उठली आणि तिने मूल उचलले. बायकांनी तोंडात बोटे घातली.

आसगेर परतला तेव्हा बाळ तिच्या कुशीत झोपले होते. त्याला पुन्हा खाली ठेव, असे आसगेर म्हणाला नाही, आणि त्याने स्वतः उचललेही नाही. पुढे त्याने पोराला मायेने वाढवले. बायकांनीही ती गोष्ट पोटात ठेवली. पण गुनवोरला ती सलत राहिली. पोर बिनबापाचे राहिले ते आपल्या उतावळेपणामुळे, असे तिला वाटे.

आसगेर वारला. त्याला दुसरे मूल नव्हते. वारसाने श्राद्धाच्या जेवणावळीत सिंहासनाखालच्या पायरीवर बसायचे, पेला हाती आला की उभे राहून बापाचे नाव घ्यायचे, पेला रिकामा करायचा आणि मगच वर चढायचे, असा तिथला कायदा होता. आसगेर गेल्याचे कळताच केटिलचे भाऊ नॉर्वेहून जहाजे भरून आले. आमच्या भावाचे रक्त आसगेरच्या नावावर चढवलेस तर सभागृह जाळू, असे त्यांनी बजावले. आसगेरचे सरदार म्हणाले, केटिलचे नाव घेतलेस तर तू परका, आणि परक्याला इथे तलवार दाखवतात. इकडे आड, तिकडे विहीर.

जेवणावळीच्या सकाळी थोर्गिल आईकडे आला.

"आई, तू सांगशील ते नाव घेतो. खरं काय ते सांग."

"मला ठाऊक असतं तर इतकी वर्षं गप्प बसले असते का रे?" गुनवोर म्हणाली, आणि तिला रडू फुटले. "तुला जमिनीवरून मी उचललं, एवढंच मला ठाऊक आहे. तेही मी करायला नको होतं."

सिंहासनाभोवती तेव्हा उभे असलेले सभागृह भरले. कायदा तोंडपाठ असलेला म्हातारा हाल्वार पेला घेऊन आला. थोर्गिल उभा राहिला. मागच्या बाकावर गुनवोर बसली होती. आज आपल्यामुळे पोराचा जीव जाणार, याबद्दल तिला शंका उरली नव्हती.

"आजोबा," थोर्गिलने विचारले, "नाव कोणाचं घ्यायचं? ज्याचं रक्त त्याचं, की ज्यानं जमिनीवरून उचललं त्याचं?"

"उचलणाऱ्याचं," हाल्वार म्हणाला. "रक्ताचं कोण सांगणार? उचलताना चारचौघं बघतात."

"मग मी गुनवोरचा थोर्गिल. मला तिनं उचललं."

तेवढ्यात म्हातारी सुईण उठली. "आम्ही पाहिलंय," ती म्हणाली. तलवारी अर्ध्या उपसलेल्या होत्या, पण आता भांडायचे कोणत्या नावावरून, ते कोणालाच कळेना.

हाल्वारने दाढी कुरवाळत निवाडा दिला. नाव कायद्यात बसते. मात्र सिंहासनावर चढायचे ते बापाच्याच नावाने.

थोर्गिलने पेला रिकामा केला आणि तो पुन्हा पायरीवर बसला. "मग राज्य इथूनच करतो," तो म्हणाला.

असे सांगतात की तो जन्मभर पायरीवरच बसला. रिकामे सिंहासन आसगेरच्या मानाचे, असे डेन म्हणाले. केटिलच्या मानाचे, असे नॉर्वेकर म्हणाले. दोघेही खुशीत घरी गेले. आणि गुनवोर त्या दिवशी, म्हणे, कित्येक वर्षांनी पोटभर जेवली.

पुढे मायलेकांना पायरीखालीच पुरले. वरच्या सिंहासनाखाली नुसती माती आहे.

पण खरा बाप कोण, असे पाहुणे तरीही विचारतातच. पाल्ले वर बोट दाखवतो. "जागा रिकामी आहे. दोघांपैकी अजून कोणी बसायला आलेलं नाही."

आजही होल्मवीगमध्ये बाळ जन्मले की त्याला या पायरीवर क्षणभर ठेवतात. बाप बाजूला टोपी काढून उभा असतो. दगड गार असतो, बाळ रडू लागते, आणि एखाद्या बापाला राहवत नाही, तो वाकतो. पाल्ले काठी आडवी धरतो. आधी आई.