चपलेचा अंगठा आणि कंपनीचा नियम

देगलूरच्या अनसूयाकाकूंचं वॉशिंग मशीन पोटात सहा ओल्या चादरी घेऊन बंद पडलं. कंपनीचे पत्तेवारसाहेब आले. गळ्यात टाय, पायात चप्पल. त्यांनी मागचं झाकण काढताच निसटलेला बेल्ट काकूंनाही दिसला.

“तेवढा चढवा की,” काकू म्हणाल्या.

“आम्ही दुरुस्त करत नाही, बदलतो!” साहेब गुरगुरले. “बेल्टबरोबर मोटर बदलायची. नवी मोटर जुन्या सांगाड्यात बसत नाही, म्हणून सांगाडाही. थोडक्यात, नवीन मशीन घ्या.”

ऐटीत ते उंबऱ्याबाहेर गेले, चप्पल पायात सरकवली आणि तिचा अंगठा तटकन तुटला. बाहेर डांबर वितळेल असं ऊन. साहेबांची नजर काकूंच्या बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिनांवर गेली. “काकू, एक पिन द्या ना. तेवढ्यावर भागेल.”

काकूंनी चष्मा लावून चप्पल नीट तपासली. “छे! अंगठा गेला म्हणजे चप्पल बदलायची. नवी चप्पल जुन्या पायाला बसत नाही, म्हणून पायही. नवे पाय या जुन्या कमरेला कुठले बसायला? थोडक्यात, बायकोला कळवा, नवीन नवरा घ्या म्हणावं!”

साहेब परत आत वळले. पाचव्या मिनिटाला मशीन चादरी घुसळू लागलं. मग काकूंनी बांगडीची पिन काढली.