तेल नसलेला फ्लास्क

“ज्या फ्लास्कमध्ये तेलच नाही, तो तासभर उकळून काय कळणार आहे, सर?”

तांबोळी सर रिपोर्टची पानं उलटत होते.

प्रणिता गुंड त्यांच्या टेबलापाशी उभी होती. बी.एस्सी.चं तिसरं वर्ष, विषय रसायनशास्त्र, मागची दोन्ही वर्षं कॉलेजात पहिली. पोरगी हुशार, यात वादच नाही. आपण हुशार आहोत हे तिला जरा लवकर कळलं होतं, एवढंच.

मी बेसिनवर पिपेट धूत होतो. या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं परिचर आहे. पोरं मला मामा म्हणतात. नळ बारीक सोडला की धुणंही होतं आणि बोलणंही ऐकू येतं, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो.

प्रणिताच्या प्रकल्पाचं नाव होतं ‘आपल्या गावातले खाद्यतेल किती शुद्ध?’. गावातल्या पाच ठिकाणांहून तिनं करडईचं तेल आणलं होतं. चार चांगली निघाली. पाचवं शिवलिंगअप्पांचं, लाकडी घाण्याचं. त्यात तिला भेसळ सापडली होती.

“एकशे चोपन्न, सर,” ती म्हणाली. “चांगल्या तेलाचा आकडा एकशे नव्वदच्या आसपास यायला पाहिजे. बाकी चौघांचा तसाच आलाय. अप्पांचाच एवढा खाली. म्हणजे पाच लिटरमागं जवळजवळ एक लिटर खनिज तेल. तीनदा केलंय मी.”

“तीनदा...”

“तीनदा. तिन्ही वेळा तेच.”

“आणि ब्लँक?”

हे ब्लँक प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तेलात मोजून पोटॅशचं द्रावण घालायचं आणि उकळायचं. तेल त्यातलं काही पोटॅश खातं; खनिज तेल खात नाही, म्हणून भेसळ असली की आकडा खाली येतो. उरलेलं किती, ते ॲसिडनं मोजायचं. शेजारी दुसरा फ्लास्क लावायचा. त्यात सगळं तेच आणि तेवढंच, फक्त तेल नाही. तो ब्लँक. दोन्हींमधला फरक म्हणजे तेलानं खाल्लेलं पोटॅश. हा दुसरा फ्लास्क लावणं पोरांच्या अगदी जिवावर येतं. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून ब्लँकचा आकडा उतरवून घेणारी पोरं मी ढिगानं पाहिलीत.

प्रणिता तशी नव्हती. तिनं ब्लँक केला होता.

“पहिल्याच दिवशी केलाय, सर. चोवीस पॉइंट सहा. हा बघा.”

“अप्पांचं तेल कधी केलंस?”

“परवा. गुरुवारी.”

“त्या दिवशीचा ब्लँक?”

“त्या दिवशी परत कशाला? बाटली तीच, ॲसिड तेच, करणारी मीच. त्यात बदलणार काय?”

सरांनी पान उलटलं.

तांबोळी सर पुढच्या मार्चला निवृत्त होणार. तीस वर्षं शिकवतायत, पण त्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे घट्ट बसलेलं बूच काढण्यासारखं आहे.

प्रणितानं घड्याळाकडं पाहिलं. साडेदहा वाजले होते. चार वाजेपर्यंत रिपोर्ट जिल्ह्याच्या संशोधन स्पर्धेला पाठवायचा होता. मार्गदर्शकाची सही नसेल तर प्रकल्प बाद. त्या स्पर्धेतला पहिला नंबर तिनं मनातल्या मनात घेऊनही टाकला होता.

“सर, फक्त सही...”

सर उठले. मांडणीवरून त्यांनी एक कोरडा फ्लास्क काढला, उजेडात धरून पाहिला, आणि तिच्या रिपोर्टवर आणून ठेवला.

“यात काय आहे?”

“काहीच नाही.”

“मोज.”

ती लाल झाली. एवढ्या तीन वर्षांत तिला कुणी असं परत पाठवलं नव्हतं.

“सर, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?”

“आहे की.”

“मग?”

“माझी सही अप्पांच्या नावाखाली होणार आहे.” सरांनी दुसरा फ्लास्क काढला. “दोन लाव.”

प्रणितानं ॲप्रन चढवला. बटणं लावताना एक तुटलं, ते तिनं उचललंही नाही. पोटॅशची बाटली घेतली, पिपेटनं दोन्ही फ्लास्कमध्ये पंचवीस-पंचवीस मिली सोडलं. हात मात्र झकास चालतो तिचा. रागातसुद्धा एक थेंब इकडचा तिकडं नाही. दोन्ही फ्लास्कवर वाफ गार करणारे कंडेन्सर चढवले आणि खाली पाणी उकळायला ठेवलं.

आता तासभर काही करायचं नव्हतं.

सर तिच्या समोरच्या स्टुलावर येऊन बसले. दोघं उकळत्या पाण्याकडं बघत राहिली.

“हे कुणाला सांगितलंस?” सरांनी विचारलं.

“काय?”

“एकशे चोपन्न.”

तिनं कंडेन्सरच्या पाण्याची नळी उगाचच नीट केली.

“ग्रुपवर टाकलंय.”

“कुठल्या?”

“गावाच्या. गुरुवारीच.” मग एकदम जोरात म्हणाली, “लोकांना कळायला नको का, सर? खाण्याची गोष्ट आहे. लहान लेकरं खातात ते तेल. कळूनही मी गप्प बसायचं का?”

“गप्प बसू नये...” सर म्हणाले.

सर तिच्याशी भांडतील अशी तिची तयारी होती, आणि सर तर भांडतच नव्हते.

तो मेसेज मीही वाचला होता. खाली तिचं नाव, कॉलेजचं नाव, आकडा, आणि ‘वैज्ञानिक तपासणीत सिद्ध’. शुक्रवारी सकाळी मी आमच्या घरचा अप्पांच्या तेलाचा डबा मोरीत उपडा केला. बायको म्हणाली, अहो, बारा वर्षं खातोय, कधी काही झालं का? मी तिला म्हणालो, तुला सायन्समधलं काय कळतं. मी काही थोर माणूस नाही.

तास भरला. फ्लास्क गार झाले. प्रणितानं आकड्यांच्या उभ्या नळीत, ब्युरेटमध्ये, ॲसिड भरलं, शून्यावर आणलं. पहिल्या फ्लास्कमध्ये रंग दाखवणाऱ्या द्रावणाचे दोन थेंब टाकले. आतलं सगळं गुलाबी झालं. आता ॲसिड सोडत जायचं. गुलाबी गेला की थांबायचं आणि आकडा वाचायचा.

वीसपर्यंत तिनं सरळ सोडलं. तेवीसला वेग कमी केला. चोवीसला थेंब थेंब.

चोवीस पॉइंट सहा आलं.

गुलाबी तसाच.

तिनं फ्लास्क हलवला. गुलाबी तसाच.

पंचवीस. सव्वीस. माझा नळ कधी बंद झाला ते मलाही कळलं नाही. सत्तावीस...

सत्तावीस पॉइंट एकला रंग गेला.

“ब्युरेटमध्ये हवा राहिली असेल,” ती म्हणाली.

सरांनी ॲसिडची बाटली तिच्याकडं सरकवली.

तिनं ब्युरेट धुतला, पुन्हा भरला, टोकाशी बोट लावून बुडबुडा नाही ना ते पाहिलं. दुसरा फ्लास्क घेतला. या वेळी सुरुवातीपासूनच सावकाश.

सत्तावीस पॉइंट एक.

ती माझ्याकडं वळली.

“मामा, या बाटलीला कुणी हात लावला होता का?”

“हात म्हंजे...” मी हात पुसत पुढं आलो. “जुनं शनिवारी संपलंतं की. सोमवारी मीच नवीन करून भरलं. जरा कडक झालं आसंल या बारीला. दर बारीला थोडंफार इकडं-तिकडं हुतंच. तारीख टाकलीया बघ चिठ्ठीवर.”

तिनं बाटली फिरवली. चिठ्ठीवर माझ्या कोंबडीच्या पायाच्या अक्षरात सोमवारची तारीख होती. चार तेलं तिनं त्याआधी केली होती, अप्पांचं त्यानंतर. जुन्या ब्लँकमधून तिनं नव्या द्रावणातला आकडा वजा केला होता, तोही तीनदा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याच हातच्या पोटॅशनं अप्पांचं तेल वाईट ठरवलं, आणि ते मीच मोरीत ओतलं होतं.

“तू काय कमी केलं न्हाईस, बाई,” मी म्हणालो. “म्याच येऊन सांगाय पायजे हुतं.”

ती माझं ऐकत नव्हती. वहीच्या मागच्या पानावर तिनं हिशोब मांडला. सत्तावीस पॉइंट एकमधून अप्पांच्या तेलाचा आकडा वजा. गुणिले. भागिले. पेन शेवटच्या ओळीवर थांबलं.

“किती?” सरांनी विचारलं.

“एकशे एकोणनव्वद.”

खाली मुलं वर्गातून सुटली होती, त्यांचा दंगा जिन्यातून वर येत होता. प्रणिताचे डोळे भरून आले. तिनं ॲप्रनच्या बाहीनं ते पुसले आणि सरळ कामाला लागली. रडत बसणारी पोरगी नाही ती. मला तिचं तेव्हा बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

“मी रिपोर्ट बदलते, सर. ते पान काढते. पाचही तेलं शुद्ध, असा निष्कर्ष लिहिते. चारच्या आत होईल. सव्वाबाराच वाजलेत.”

“हं.”

“ग्रुपवर पण टाकते. आधीची माहिती चुकीची होती, अप्पांचं तेल चांगलं आहे...” तिनं फोन काढला सुद्धा. “आत्ताच टाकते.”

“टाक.”

तिनं टाकलं. दोन ओळी. मग फोन टेबलावर ठेवला आणि जरा मोकळं वाटल्यासारखा श्वास सोडला.

मिनिटभर तिनं फोनकडं बघितलं. गुरुवारी तिच्या मेसेजवर शंभरेक तरी अंगठे आले होते. या मेसेजवर एक आला. तो माझा होता.

“सर, आता सही...”

सरांनी पेन काढलं. टोपण उघडलं. तिचा जीव भांड्यात पडला. पण सरांनी टोपण पुन्हा लावलं आणि पेन खिशात ठेवलं. कपाटातून त्यांनी आपली कापडी पिशवी आणि दोन लिटरचा स्टीलचा डबा बाहेर काढला. सरांचा घरचा डबा तो. सुट्टी झाली की याच पिशवीतून बाजार करत ते घरी जातात.

डबा त्यांनी तिच्या हातात दिला.

“अप्पांकडून करडई घेऊन ये. दोन लिटर.”

“मी?”

सरांनी पिशवीही तिच्यापुढं धरली.

“सर, मी फोन करून त्यांना सॉरी म्हणते ना. नंबर आहे माझ्याकडं. तेल आणायला गेले होते तेव्हा घेतला होता. त्यांनी पैसे पण घेतले नव्हते, कॉलेजच्या अभ्यासाला पाहिजे म्हटल्यावर...”

सरांनी तिला पाणी दिलं. तिनं ते प्यायलं.

“तिथं जाऊन काय बोलू?”

“मला आत्ता जे सांगितलंस तेच.”

“सगळं? ब्लँकचं पण?”

“सगळं.”

“त्यांना काय कळणार आहे त्यातलं, सर?”

“त्यांना तेल कळतं,” सर म्हणाले. “बाकीच्यांना सांग.”

“बाकीचे कोण?”

“गिऱ्हाईक. दुकानात गर्दी असेल तेव्हा बोल.”

डब्याची कडी प्रणिताच्या हातात खुळखुळली.

“गर्दी संध्याकाळी असते, सर. म्हणजे... असायची.” ती हळूच म्हणाली. “काल मी मुद्दाम तिकडून गेले होते. बघायला. घाणा बंद होता. अप्पा एकटेच बसले होते. गुरुवारपासून तिथं कुणी जातच नाही.”

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग टेबलावरच्या रिपोर्टकडं, सहीच्या मोकळ्या जागेकडं.

“चारला स्पर्धेची मुदत संपतेय, सर...”

तांबोळी सरांनी रिपोर्ट उचलला, आपल्या खणात ठेवला आणि खण लावला.

“गर्दी होईपर्यंत थांब.”