तांब्याचा हंस आणि चंद्रावळीची रेघ

एका राज्यात एक रीत होती. दिवस उगवण्याआधी दारोदार सडा पडे, आणि सड्यावर रांगोळी उमटे. आधी ठिपके मोजून मांडायचे, मगच रेघ ओढायची. ठिपक्यांवाचून चिमूट टेकवणं म्हणजे अपशकुन! राजवाड्याच्या अंगणाचा मान चंद्रावळीचा. तिचा एक ठिपका कधी चुकला नव्हता.

त्या राज्यात ताम्राक्ष मांत्रिक आला. त्याने घरोघर तांब्याचे हंस वाटले. हंस ठिपके पाही, चोचीतून रांगोळी सोडी, आणि पापणी लवायच्या आत नक्षी पुरी करी. वर माणसासारखा बोले, "झाली!"

"कंबर वाचली गं बाई!" बायका हरखल्या.

पण हंसांच्या पोटात शाप होता. ज्या हातांनी रांगोळी काढणं सोडलं, ते हात तांब्याचे होऊ लागले. चंद्रावळ वाड्यात रांगोळी काढत राहिली, म्हणून तिचे हात वाचले. तिच्या लेकीची, शेवंतीची, मात्र आधी बोटं गेली, मग मनगटं. तांबं दंडापर्यंत चढलं.

"आई, काळजापर्यंत पोचलं तर?"

चंद्रावळ उठली ती थेट दरबारात, ताम्राक्षासमोर गेली.

"मांत्रिका, शाप मागे घे."

"घेईन. तीन सकाळी तू रांगोळी काढ. माझा हंस तीच रांगोळी तुझ्याआधी पुरी करील. एकदा तरी त्याला चुकव. नाही जमलं, तर राज्यातले सगळे हात माझे."

राजा म्हणाला, "बाई, विचार कर."

"केला, महाराज."

पहिल्या सकाळी तिने हजार ठिपके मांडले. पहिली रेघ ओढते न ओढते, तोच शेजारच्या चौकातून आवाज आला, "झाली!"

दुसऱ्या सकाळी तिने पणजीची रांगोळी मांडली. ती घराबाहेर कुणी पाहिलीच नव्हती. शेवटचा ठिपका टेकला आणि हंस म्हणाला, "झाली!" शेवंतीच्या खांद्याला तांबं लागलं.

चंद्रावळ हंसाकडे वळली. "मेल्या, तुला पणजीची रांगोळी दाखवली कुणी?"

हंसाला खोटं बोलता येत नसे. "तूच. ठिपके मांडलेस की शेवट मला दिसतो."

तिसऱ्या सकाळी तिने सडा घातला, चिमूट भरली, आणि एकही ठिपका न मांडता थांबली. गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "अगं, पोहऱ्यावाचून पाणी काढतेस की काय?"

"बघू या, आजी. मलाही ठाऊक नाही."

ठिपक्यांवाचून रेघ वाकडी गेली. वाकडी तर वाकडी, तिने तिचीच वेल केली. पुढे मुंग्यांची रांग आडवी आली, तिला वळसा घातला. वाऱ्याने मूठभर रांगोळी सांडली, तिथे तळं झालं. हंसाने तीनदा शेवट काढून पाहिला आणि तीनदा पुसला. मग चोच वर धरून म्हणाला, "पुढे काय?"

मांत्रिक संतापला. "बाई, शेवट सांग!"

"आला की कळेल."

तळ्यातून एक रेघ निघाली, पायरी ओलांडून तिथे उभ्या असलेल्या शेवंतीच्या पावलांशी जाऊन थांबली. तिथे शेवट झाला. हंसाचा चौक कोराच राहिला.

खपली गळावी तसं शेवंतीच्या हातांवरचं तांबं गळलं. राज्यभर दारोदार खणखण झाली आणि सगळ्यांचे हात मोकळे झाले. मांत्रिकाने मान खाली घातली, वेशीबाहेर पडला, तो पुन्हा आला नाही.

शाप गेला, हंस राहिले. त्यांतल्या एकाने विचारलं, "आता आम्ही काय करावं?"

चंद्रावळ हसली. "जत्रेची अंगणं मोठी असतात, बाबा. ठिपके तुम्ही मांडा. रेघ कुठे न्यायची, ते आम्ही पाहू."

शेवंतीने चिमूट भरली होती. कुठून सुरुवात करावी, तेवढंच ती ठरवत होती.

जशी त्यांच्या दारी सकाळ उजाडली, तशी ऐकणाऱ्यांच्या दारीही उजाडो.