भिवराबाईची जाई

विमलगिरी महाराज त्या वर्षी चातुर्मासाला बोरसांगवीत राहिले. गावात कृष्णाचे देऊळ होते, रोज पुराण होते. माणुसकी मात्र बेताचीच होती, सज्जनहो!

भिवराबाई तिथली एक विधवा. तिची एकुलती एक लेक जाई सहाव्या वर्षी तापाने गेली. लेकीच्या बारशाला अंगणात लावलेला जाईचा वेल तेवढा मागे राहिला. "जाई, पाणी पी गं बाळ," म्हणत ती त्याला जपायची. रोज फुलांची परडी देवळाच्या पायरीवर ठेवायची आणि पुराण सांगणारे त्रिंबकशास्त्री ती पायाने लोटायचे.

"विधवेच्या हातची फुलं देवाला? लाज नाही वाटत?"

एकदा सांडलेली फुले महाराजांनीच वेचली. म्हणाले, "शास्त्रीबुवा, संस्कृतात या जाईला जाती म्हणतात. जाती म्हणजे जन्म. जन्माचा कसला विटाळ?"

चारचौघांत एका गोसाव्याने आपल्याला संस्कृत शिकवावे! शास्त्रीबुवांचे पित्त खवळले. त्याच दुपारी त्यांनी कोयत्याने वेल मुळाशी तोडला, वर निखारे ओतले. गाव बघत उभे राहिले. एकानेही त्यांचा हात धरला नाही!

भिवराबाई सात दिवस त्या राखेपाशी उपाशी बसून होती. आठव्या दिवशी महाराजांनी कमंडलूतले पाणी तिथे ओतले. "ऊठ, जाई बाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी राखेतून पाच कोवळे धुमारे वर आले होते. काय तिचा आनंद वर्णावा!

आणि त्याच सकाळी शास्त्रीबुवा दारात! तोंडभर फोड, घोटभर पाणी जाईना, अष्टमीचे पुराण परवावर. वैद्यांनी जाईचा पाला चघळायला सांगितला होता, आणि गावात जाई ही एकच.

"आजच उगवली हो ती!" भिवराबाई ओरडली. तिने महाराजांकडे पाहिले.

महाराज म्हणाले, "तुझी आहे, बाई. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही."

तिने धुमाऱ्यांवरून हात फिरवला. मग रडत रडत एकेक पान खुडून तिने शास्त्रीबुवांच्या हातावर ठेवले. "जाई, रागावू नकोस गं."

संध्याकाळपर्यंत शास्त्रीबुवांचे तोंड निवले, आणि खुडल्या जागी दुप्पट पाने फुटली! शास्त्रीबुवा धावत येऊन महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही. तिथे."

शास्त्रीबुवांनी भिवराबाईसमोर त्या राखेत कपाळ टेकले. "चुकलो, माय."

भिवराबाई वेलाशी बसली होती. ती उठली नाही.

"पाला लागला तर या, बुवा," ती म्हणाली. "कोयता तेवढा घरी ठेवून या."